रोज सकाळी ‘आय विल, आय विल’ म्हणून इंग्लिशचा भविष्यकाळ येतो का हो?

टॉवेलवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात आहे. सहा वर्षं पॅकिंगला होते, दिवाळीपासून ऑफिसात घेतलंय, म्हणजे बायरचे मेल, सॅम्पल, कुरिअर आणि आठवड्यातून दोनदा कॉल. बी.कॉम. झालंय पण सगळं मराठी मिडियममधून. इंग्लिश वाचलं की कळतं, समोरचा बोलला तरी बऱ्यापैकी कळतं, पण माझी पाळी आली की घशात कडक भाकरी अडकल्यासारखं होतं, पाणी प्यायल्याशिवाय खाली उतरतच नाही.

म्हणून एक क्लास लावला. तिथं इंग्लिश आणि पॉझिटिव्ह थिंकिंग असं एकत्र शिकवतात. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून वीस वाक्यं म्हणायची. आय विल स्पीक फ्लुएंटली. आय विल बी कॉन्फिडंट. एव्हरीबडी विल रिस्पेक्ट मी. म्हणे यातून भविष्यकाळ पण पक्का होतो आणि मन पण. ‘आय कान्ट’ म्हटलं की दहा रुपये डब्यात टाकायचे. दोन महिन्यांत माझे एकशे सत्तर गेलेत 😀

खोटं कशाला बोलू, सकाळी म्हटलं की बरं वाटतं. पण मागच्या गुरुवारी काय झालं ते ऐका. दुबईचा बायर कॉलवर, विचारतोय सॅम्पलचं काय झालं. सॅम्पल माझ्यासमोर टेबलावरच होती, हेम मारून झालेली, फक्त लेबल लावायचं राहिलेलं, तासाभरात कुरिअरवाला येणार होता. मला म्हणायचं होतं ‘पाठवलंच समजा सर’ आणि तोंडातून निघालं ‘आय सेंट इट सर’. तो खूश, म्हणाला व्हेरी गुड, ट्रॅकिंग नंबर द्या. आता नंबर कुठून आणू, मालक शेजारी बसून माझ्याकडं बघतायत, आणि त्या वीस वाक्यांतलं एकही कामाला येईना.

तर विल, गोइंग टू, आय ॲम गोइंग, विल बी गोइंग, यातलं कुठलं कधी हे डोक्यात कसं बसवायचं? आणि ती वाक्यं म्हणणं चालू ठेवू की सोडू? रोजचे शब्द पण कमी पडतात, ते वेगळंच.

पार्कचौक_ते_हिंजवडी

ताई ट्रॅकिंग नंबरवाला किस्सा वाचून ऑफिसात एकटाच हसलो, शेजारचा विचारायला काय झालं बे 😂

माझं पहिल्या वर्षी सेम झालेलं. मॅनेजरनं बोलावलं, मी ‘आलोच’च्या ऐवजी इंग्लिशमध्ये भूतकाळ मारला, तो खुर्चीतून वळून दाराकडं बघायला, आणि मी अजून कँटीनमध्येच. आपल्याला वाटतं ग्रामर येत नाही, पण खरं म्हणजे आपण मराठी जशीच्या तशी ओततो आणि ती नेमकी तिथं सांडते.

माझा सल्ला एकच, कॉलच्या आधी पाच वाक्यं लिहून ठेवायची, जी त्या दिवशी लागणारच आहेत तीच, बाकीची नाही. आणि लाजायचं नाही. कोटणीस डॉक्टर आपल्याच सोलापूरचे, 1938 ला चीनला गेले आणि तिथं चिनी शिकून पेशंटशी बोलायला लागले. आपल्याला तर नुसतं दुबईशी बोलायचंय.

निवृत्त_मास्तर

ताई, चूक तुमच्या डोक्यात नाही, दोन भाषांच्या सवयींमध्ये आहे. आपण मराठीत घाईतलं भविष्य भूतकाळात बोलतो. आलोच, निघालोच, झालंच, दिलंच समजा. पोरगं कठड्यावर चढलं की आई ‘पडला, पडला’ ओरडते, पोरगं अजून वरच असतं. इंग्लिशमध्ये ही सोय नाही. तिथं ‘सेंट’ म्हणजे वस्तू हातातून गेली. तुम्हाला हवं होतं ते ‘आय ॲम जस्ट अबाउट टू सेंड इट’. हे अबाउट टू वहीत लाल पेनानं लिहा, ‘आता एवढ्यात’चं काम तेच करतं. आणि ‘आलोच’ला ‘आय ॲम कमिंग’ पुरे.

मी बत्तीस वर्षं इंग्लिश शिकवलं, बहुतेक वेळ शॅल आणि विलचा तक्ता पाठ करून घेण्यात गेला. आय आणि वी असेल तर शॅल, बाकीच्यांना विल, पोरं ओरडून म्हणायची. आज वाटतं मराठीच्या दारातून आत न्यायला हवं होतं, कारण हे सगळे फरक पोरांच्या तोंडात आधीपासून होतेच.

बघा कसं. ‘रविवारी गड्ड्याच्या जत्रेला जाणार आहे, पोरांनी हट्ट धरलाय’, म्हणजे आधीच ठरलंय, आय ॲम गोइंग टू टेक द किड्स. ‘शुक्रवारी पुण्याला चाललोय’, आपल्याकडं ‘जायलालोय’, म्हणजे तिकीट खिशात, बहिणीला फोन झालेला, मग आय ॲम गोइंग टू पुणे ऑन फ्रायडे, विल नाही न् काही नाही. ‘वंदे भारत सकाळी सहा पाचला सुटते’, इथं आपणही ‘सुटेल’ म्हणत नाही, कारण ते वेळापत्रक आहे, तिथं साधा वर्तमानकाळ, द ट्रेन लीव्हज. सिद्धेश्वर तलावावर काळंभोर आभाळ दाटलं की ‘पाऊस येणार बघ’, पुरावा डोळ्यासमोर आहे, इट इज गोइंग टू रेन. नुसता आपला अंदाज असेल तर आय थिंक इट विल रेन.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. फोन वाजतोय, कुणी उठत नाही, तुम्ही म्हणता ‘थांबा, मी घेते’. मराठीत वर्तमान, म्हणून आपली माणसं ‘आय टेक’ म्हणून टाकतात. तिथं विलच हवं. आय विल गेट इट. जागच्या जागी ठरवलं, पुढं होऊन मदत केली, वचन दिलं, की विल.

आता तुमच्या कामाचं सांगतो. ‘वी विल डिस्पॅच ऑन मंडे’ चुकीचं नाही, पण बायरला ते आत्ता ठरवल्यासारखं किंवा आश्वासन दिल्यासारखं ऐकू येऊ शकतं. ट्रक सांगून ठेवलाय, कागद तयार आहेत, तर ‘वी आर डिस्पॅचिंग ऑन मंडे’ म्हणा, ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. विल बीचं म्हणाल तर ‘उद्या अकराला मी लोडिंगवर असेन, तेव्हा फोन नको’ अशा वेळी, आय विल बी लोडिंग ॲट इलेव्हन. त्या वेळी काम चालू असणार, एवढंच त्यात आहे. आणि पर्चेस ऑर्डरमध्ये ‘द सेलर शॅल’ दिसलं तर हलक्यात घेऊ नका, करारात त्याचा अर्थ बंधनकारक असा असतो. बोलताना शॅल फक्त विचारायला वापरा, शॅल आय सेंड द फोटोज?

जाता जाता एक. विल हा शब्द मुळात इच्छेचा. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ ‘हवं असणं’ असाच होता, म्हणून तर मृत्युपत्राला विल म्हणतात आणि विलपॉवरमध्येही तोच बसलाय. तुमच्या क्लासवाल्यांनी विल धरून ठेवलंय त्यात काहीतरी आहे, फक्त नुसत्या इच्छेवर कुरिअर निघत नाही.

शेंगाचटणी

सरांनी छान समजावलं, मी तर दहावीला असताना शॅल विलला घाबरून गाईड पाठ केलं होतं.

मी शब्दांबद्दल सांगते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, आणि सासूबाईंच्या मैत्रिणी आल्या की कन्नड. यातलं एकही व्याकरणाच्या पुस्तकातून आलेलं नाही, हाताला काम असताना आलंय. मुलाच्या इंग्लिशसाठी मी आधी सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, बकेट, डोअर, फ्रिज. काही उपयोग नाही, पोराला बकेट आधीच माहीत होतं की. अडायचं ते क्रियेला. बादली भर, फडकं पिळ, पीठ मळ, डाळ भिजत घाल, यातलं काय येतंय आपल्याला? फिल, रिंग, नीड, सोक. रिंग म्हणजे फोनची नाही हं, तिचं स्पेलिंग डब्ल्यूनं सुरू होतं आणि तो डब्ल्यू गप्प बसतो, आणि नीडमध्ये के गप्प. मला हे चाळिशीत कळलं.

मग आम्ही एक खेळ केला. काम सुरू करायच्या आधी काय करणार ते मोठ्यानं सांगायचं. चटणी करायची असली की मी म्हणते आय ॲम गोइंग टू रोस्ट द पीनट्स, देन आय ॲम गोइंग टू पाउंड देम. ग्राइंड नाही म्हणायचं, मिक्सरमधली चटणी ही चटणीच नाही, ती उखळातच कुटायची, तेल सुटेपर्यंत, हा माझा नियम, इंग्लिशचा नाही. पोरगा म्हणतो आय ॲम गोइंग टू ईट. आणि आपल्या गावात भविष्यकाळाचा सराव काय कमी आहे? उठल्यापासून एकच प्रश्न, पाणी कधी येणार. इज द वॉटर कमिंग टुमॉरो?

ताई तुमच्याकडं तर शब्दांचं दुकानच आहे. मागावरचा ताणा म्हणजे वॉर्प, बाणा म्हणजे वेफ्ट, टॉवेलवरचे लूप म्हणजे पाइल, किनार ती सेल्व्हेज. माझे वडील यंत्रमागावर होते, त्यांना ‘वीव्हिंग’ हा शब्द येत नव्हता पण ‘बॉबिन’, ‘शटल’, ‘बीम’ रोज तोंडात.

एमए_मानसशास्त्र

वाक्यं म्हणायची का सोडायची यावर लिहिते, परीक्षेत हाच टॉपिक होता.

गॅब्रिएल ओटिंगेन म्हणून संशोधक आहेत, त्यांनी वजन कमी करणाऱ्या बायकांवर 1991 ला एक अभ्यास प्रसिद्ध केला, थॉमस वॅडन यांच्याबरोबर. ज्यांना ‘मला जमेल’ असा विश्वास होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्या नुसतं छान छान चित्र रंगवायच्या, मी बारीक झालेय, सगळे बघतायत, त्यांचं कमी उतरलं. म्हणजे दोन्ही पॉझिटिव्हच, पण एकात विश्वास आणि दुसऱ्यात स्वप्नातच जेवण उरकलेलं. तुमचं ‘एव्हरीबडी विल रिस्पेक्ट मी’ मला दुसऱ्या खात्यातलं वाटतं, सॉरी.

पीटर गोलवित्झर यांनी दुसरी गोष्ट दाखवली, ती इथं फार कामाची आहे. नुसतं ‘मी अभ्यास करणार’ याच्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं बांधून ठेवलं तर काम व्हायची शक्यता वाढते. वेळ, जागा, काम तिन्ही बांधलेलं. मग आरशासमोर हे म्हणून बघा ना, व्हेन आय सिट ॲट माय डेस्क, आय विल रीड वन मेल अलाउड. किंवा इफ आय डोन्ट अंडरस्टँड, आय विल आस्क हिम टू रिपीट. अडचण पण त्यातच घेतलीय, तिला निगेटिव्ह म्हणून बाहेर काढली नाही.

निवृत्त_मास्तर

वा. आणि यात व्याकरणही फुकटात बसलं. मराठीत ‘मी जाईन तेव्हा देईन’, दोन्हीकडं भविष्य. इंग्लिशमध्ये व्हेन आणि इफच्या बाजूला विल बसवायचं नाही, विल फक्त एकाच बाजूला. व्हेन आय गो, आय विल गिव्ह. माझ्या वर्गात निम्मी पोरं इथंच घसरायची.

टॉवेलवाली_सोलापूर

सगळ्यांचे आभार, दहा दिवसांनी लिहितेय, मधे ऑर्डर होती.

आरशातली वीस वाक्यं काढून चार ठेवली, एमए ताईंनी सांगितलं तशी. क्लासच्या मॅडमना दाखवली, त्या म्हणाल्या बरी आहेत पण एनर्जी कमी आहे 😀 असू दे. चिठ्ठीवर ‘अबाउट टू’ लिहून कॉम्प्युटरला चिकटवलंय.

काल कॉल होता. बायर म्हणाला पाचशे पीस शुक्रवारपर्यंत पाहिजेत. शिलाईला दोनच माणसं, होणारच नव्हतं. क्लासच्या सवयीनं यस सर म्हणणार होते, मग एक श्वास घेतला आणि म्हटलं, वी कान्ट डू इट बाय फ्रायडे, वी आर फिनिशिंग अनदर ऑर्डर, बट वी विल सेंड इट बाय ट्यूसडे. तो म्हणाला ओके ट्यूसडे. एवढंच! मालकांनी मान हलवली, त्यांच्याकडून तेवढंच मिळतं. घरी येऊन दहा रुपये डब्यात टाकले, कान्ट म्हटलं ना.

एकच शंका, पुढं मी व्हेन द ट्रक विल कम आय विल कॉल यू म्हटलं, बोलून झाल्यावर सर आठवले, तोवर उशीर झाला होता. आणि बाय ट्यूसडे म्हणजे मंगळवारी पाठवलं तर चालेल ना, का सोमवारीच पाहिजे? रात्रभर तेच डोक्यात.

निवृत्त_मास्तर

व्हेन द ट्रक कम्स. पुढच्या ट्रकला म्हणा.

बाय ट्यूसडे म्हणजे मंगळवारपर्यंत, मंगळवार धरून, निवांत झोपा. तिथं टिल नाही म्हणालात हे बरं केलंत, नाहीतर वी विल सेंड टिल ट्यूसडे म्हणजे मंगळवारपर्यंत रोज टॉवेल पाठवत बसला असता.