शूमाकर परत आला तेव्हा नक्की काय बिनसलं? (2010 ते 2012)

ग्रिडच्या_शेवटी

मी एफवन (फॉर्म्युला वन कार रेसिंग) बघायला लागलो तेच मुळात 2018 च्या पुढे, त्यामुळे शूमाकर म्हणजे माझ्यासाठी नुसते आकडे, 7 टायटलं, 91 विजय वगैरे. सध्या रात्री जेवण झालं की जुने सीझन बघत बसतो. 2006, म्हणजे रिटायर होण्याआधीचा फेरारीतला शेवटचा सीझन, संपवला, काय चालवतो राव हा माणूस, शेवटच्या ब्राझीलच्या रेसला टायर पंक्चर होऊन पार तळाला गेला आणि तिथून चौथा आला. वय 37 आणि त्या वर्षात 7 रेस जिंकलेल्या. मग मधली वर्षं पुढे ढकलून थेट 2010 लावला, मर्सिडीजमधून परत आला तो सीझन, आणि डोकंच चालेना. हा तोच माणूस आहे का? त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर रोसबर्ग वर्षभर पुढे, 142 पॉइंट विरुद्ध 72, एकही पोडियम (पहिल्या तिघांत नंबर) नाही. हंगेरीला दुसऱ्या टीमच्या बारिकेलोला पिटच्या भिंतीत दाबतो ते तर बघवलं नाही, आणि तेही कशासाठी तर दहाव्या नंबरसाठी.

3 वर्षं घरी बसल्याने एवढा फरक पडतो का? वय म्हणावं तर अलोन्सो 2021 ला परत आला तेव्हा 39 चा होता आणि दोन-चार रेस चाचपडला, मग रुळला की. शूमाकरचं नक्की काय झालं, ज्यांनी तेव्हा लाइव्ह बघितलंय त्यांनी सांगा प्लीज. गाडी वाईट होती हे उत्तर नको, गाडी रोसबर्गकडेही तीच होती.

उशिरा_ब्रेक

गाडी तीच होती हे बरोबर, पण ती दोघांना सारखी मानवत नव्हती, आणि सगळी गोम तिथेच आहे.

शूमीची पद्धत अशी की ब्रेक उशिरा आणि तो कॉर्नरच्या आत शिरेपर्यंत पूर्ण सोडायचाच नाही, गाडीचं नाक एकदम आत वळलं पाहिजे, मागची बाजू घसरली तरी चालेल, ती मी सांभाळतो. मागचं टोक एवढं मोकळं ठेवलेली गाडी बाकीच्यांना भीतीदायक वाटायची. म्हणजे त्याचा सगळा वेग पुढच्या टायरवर उभा. आता 2010 ला काय झालं बघ, आदल्या वर्षी स्लिक (खाचा नसलेले) टायर परत आल्यामुळे पुढची पकड प्रमाणाबाहेर झाली होती म्हणून ब्रिजस्टोनने पुढच्या टायरची रुंदी 270 मिमीवरून 245 वर आणली. एका झटक्यात सगळ्यांचं नाक बोथट झालं. त्यात मर्सिडीजची गाडी मुळातच अंडरस्टिअर करणारी, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी कमी वळणारी. रोसबर्ग शांतपणे आधी ब्रेक मारून गोल वळवणारा, त्याचं फार अडलं नाही. शूमीने नेहमीसारखा स्टिअरिंग फिरवला आणि गाडी सरळच. बार्सिलोनाला टीमने लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी आणली तर तिथे तो चौथा आला आणि रोसबर्ग तेरावा, हे तू बघितलं असशीलच. ती एकच रेस, पण बोलकी आहे.

दुसरं म्हणजे तो घडला ती दुनियाच शिल्लक नव्हती. फेरारीकडे फियोरानोला स्वतःचा ट्रॅक, मनात आलं की टेस्टिंग, गाडीत काही खटकलं की दुसऱ्या दिवशी नवीन पार्ट लावून परत ट्रॅकवर. मिशलिन या दुसऱ्या टायर कंपनीशी लढाई चालू असताना ब्रिजस्टोनचं पहिलं गिऱ्हाइक फेरारी, म्हणजे टायर जवळजवळ त्याच्या मापाने शिवून मिळायचा. 2009 पासून सीझनमधलं टेस्टिंग बंद झालं. 2010 चा सीझन सुरू व्हायच्या आधी सगळं मिळून 15 दिवस, तेही दोन ड्रायव्हरांत वाटून. आणि त्याच वर्षी रिफ्युएलिंग (रेसमध्ये पेट्रोल भरणं) बंद! आधी 15-20 लॅप जीव तोडून पळवायचं, पिटला यायचं, परत पळवायचं, असं तो खेळायचा, प्रत्येक लॅप क्वालिफाइंगचा, म्हणजे स्टार्टची जागा ठरवणाऱ्या फेरीसारखा. आता टाकी गच्च भरून, दीडशे किलोच्या वर पेट्रोल घेऊन टायर जपत बसायचं.

मग सिम्युलेटरवर सराव कर म्हणावं तर त्यात त्याला मळमळायचं. खरंच. नवीन पोरं त्याच यंत्रावर वाढलेली.

खडूस_पिटवॉल

नाचता येईना अंगण वाकडं 😄

टायर, रिफ्युएलिंग, व्हीलबेस, सगळं मान्य. पण हे नियम एकट्या शूमाकरसाठी बदलले नव्हते ना. किमी रायकोनेनपण दोन वर्षं बाहेर होता, 2012 ला लोटसमधून आला, शूमीकडे होते त्याच पिरेली टायरवर चालवलं आणि चॅम्पियनशिपमध्ये तिसरा आला, अबू धाबी जिंकलाही. लाउडा 1979 ला सोडून गेला, 1982 ला परत आला आणि तिसऱ्याच रेसला जिंकला, पुढे 1984 ला प्रोस्टला अर्ध्या पॉइंटने हरवून टायटल. प्रोस्ट स्वतः 1992 घरी बसून 1993 ला चॅम्पियन.

साधी गोष्ट आहे, 41 म्हणजे 41. मध्ये हा बाबा मोटरसायकलच्या रेस करत होता, फेब्रुवारी 2009 ला स्पेनमध्ये पडून मानेला मार लागला, त्याच मानेमुळे जखमी झालेल्या मासाच्या जागी फेरारी चालवायचं रद्द करावं लागलं. ती मान घेऊन वर्षभराने एफवनमध्ये येणं यालाच मी धाडस म्हणेन, पण धाडस वेगळं आणि क्वालिफाइंगचे शेवटचे दोन दशांश सेकंद वेगळे.

आणि रोसबर्गला लोक उगाच स्वस्तात घेतात. तेव्हा त्याच्या नावावर एक विजय नव्हता म्हणून सगळ्यांना वाटलं शूमी याला खाऊन टाकेल. त्याच रोसबर्गने 2016 ला हॅमिल्टनला त्याच गाडीत हरवून टायटल घेतलं. हे 2010 ला कुणाला माहीत होतं?

ग्रिडच्या_शेवटी

रोसबर्गचा मुद्दा पटला, हा विचारच केला नव्हता. पण मग लाउडाला जमलं आणि याला नाही, हे फक्त वयामुळे?

उशिरा_ब्रेक

@खडूस, वय नाकारत नाहीच. पण तू दिलेली उदाहरणं नीट बघ. लाउडा परत आला तेव्हा 32 चा, किमीपण 32 चा. प्रोस्ट 38 चा होता पण एकच वर्ष बाहेर आणि परत आला तो त्या काळच्या सगळ्यात भारी विल्यम्समध्ये. किमी मधल्या काळात रॅली चालवत होता, हात चालू होता, तरी स्टिअरिंगवरून त्याने लोटसवाल्यांचं डोकं खाल्लंच. लाउडा आणि प्रोस्ट दोघं मुळात डोक्याने, मोजूनमापून चालवणारे, गाडी जे देईल ते घेणारे. अशा माणसाला परत येणं सोपं जातं. शूमीचं सगळं भांडवल गाडी आपल्यासारखी करून घेण्यात होतं आणि ते करून घ्यायचं दुकानच नियमांनी बंद केलं.

अंगण खरंच वाकडं होतं याचा पुरावा हवा तर 2005 बघ. तेव्हा तो 36 चा, रिटायर वगैरे काही नाही, लागोपाठ 5 टायटलं घेऊन आलेला. नियम आला की एकच टायर सेट अख्खी रेस टिकला पाहिजे, ब्रिजस्टोनला ते जमलं नाही, आणि हा पूर्ण वर्षात एक रेस जिंकला. ती कुठली? इंडियानापोलिस, जिथे 6 गाड्या धावल्या. म्हणजे टायर हातचा गेला की त्याचं काय होतं हे आधीच दिसलं होतं, आपण सगळे 2006 च्या नादात विसरलो.

आणि नुसतं बाहेर राहिल्याने काय होतं ते बघायचं तर बडोएर. फेरारीचा टेस्ट ड्रायव्हर, किती हजार किलोमीटर चालवलेला माणूस, पण 10 वर्षं रेस नाही आणि टेस्टिंगबंदीमुळे 2009 ची गाडीही हातात आलेली नाही. मासाच्या जागी बसवला तर वॅलेन्सियाला क्वालिफाइंगमध्ये शेवटून पहिला, स्पाला परत शेवटून पहिला. त्या मानाने शूमी बहरीनला पहिल्याच रेसमध्ये सहावा आला होता.

बुद्ध_स्टँडवाला

तुमचं टेक्निकल चालू द्या, मी 2011 ला ग्रेटर नोएडाला स्टँडमध्ये होतो तेवढं सांगतो. शूमाकर मागून सुरू करून पाचवा आला, रोसबर्ग सहावा. आमच्या पुढच्या रांगेत एक काका लाल टोपी घालून आले होते, फेरारीची, आणि शूमी चंदेरी गाडीत गेला की उभे राहायचे. बायको विचारत होती अहो तुमची टीम कोणती नक्की 😂

सांगायचं हे की 2010 बघून निकाल लावू नका. 2011 ला तो हळूहळू सापडत गेला, रविवारी तरी. शनिवारी रोसबर्ग पुढेच असायचा, ते शेवटपर्यंत पूर्ण सुटलं नाही. स्पाला पदार्पणाला 20 वर्षं झाली म्हणून सगळा कौतुकसोहळा आणि क्वालिफाइंगला बाहेर पडल्या पडल्या गाडीचं चाक निखळलं. चोविसावा सुरू केला, पाचवा आला, परत रोसबर्गच्या पुढे. त्या वर्षी दोघांत 89 विरुद्ध 76, म्हणजे फरक 70 वरून 13 वर.

2012 चं तर बोलूच नका. ऑस्ट्रेलियाला तिसरा पळताना गिअरबॉक्स गेला, चीनला पिटमध्ये चाकच नीट बसवलं नाही आणि तीच रेस रोसबर्ग जिंकला, मोनॅकोला इंधनाचं प्रेशर गेलं, कॅनडाला मागच्या विंगची हलणारी पट्टी (डीआरएस) उघडी अडकली, मेकॅनिक हाताने बुक्क्या मारत होते तिला. पहिल्या 7 रेसमध्ये 2 पॉइंट. त्यात मोनॅकोला 43 व्या वर्षी सगळ्यात फास्ट लॅप मारला त्याने क्वालिफाइंगला! पण बार्सिलोनाला ब्रुनो सेनाला मागून ठोकल्याची 5 जागांची पेनल्टी होती, पोल (सगळ्यात पुढून सुरू करायची जागा) गेली, सहावा सुरू केला. ती पेनल्टी त्याचीच चूक होती हेही खरं.

खडूस_पिटवॉल

ते ठोकणं हाच माझा मुद्दा आहे. 2011 ला सिंगापूरला पेरेझच्या मागे चढला, 2012 ला बार्सिलोनाला सेना, परत सिंगापूरला वर्न्य. तिन्ही वेळा समोरची गाडी आपल्याआधी ब्रेक मारेल हा अंदाज चुकला. हे टायरने होत नाही, हे अंतर डोळ्याला वेगळं दिसायला लागलं की होतं. मोनॅकोचा तो लॅप मात्र... त्यावर मी काही बोलणार नाही, उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

ग्रिडच्या_शेवटी

म्हणजे एक लॅप जमत होता, रेसमधली झटापट गेली होती असं?

बुद्ध_स्टँडवाला

उलटं रे, 2011 ला झटापट जमत होती, लॅप जमत नव्हता. मोंझाला हॅमिल्टनला किती वेळ मागे अडवून ठेवला ते बघ, आणि त्या वर्षीचं कॅनडा. म्हणून तर मला एक उत्तर सापडत नाही. त्याला स्वतःला पिरेली आवडलेच नाहीत, उघड तक्रार करायचा की जीव ओतून चालवताच येत नाही, जपूनच चालवावं लागतं. 2012 ला वॅलेन्सियाला तिसरा आला, परत आल्यानंतरचा एकुलता एक पोडियम. वर कोण होते माहितेय? अलोन्सो जिंकला, किमी दुसरा. तिघांतले दोघं रिटायर होऊन परत आलेले, आणि पहिला पुढे तेच करणारा 😄

ग्रिडच्या_शेवटी

हे भारी आहे. ठीक आहे, मी 2010 बंद करून आज कॅनडा 2011 लावतो.

उशिरा_ब्रेक

लाव, पण सुट्टीच्या दिवशी. 4 तासांच्या वर चाललीय ती रेस. मध्ये पावसाने 2 तास थांबवली होती तो भाग पुढे ढकल, आणि पुन्हा सुरू झाली की शूमीवर नजर ठेव, ट्रॅक अर्धा ओला असतो तोवर. दुसऱ्या नंबरपर्यंत आला होता. ट्रॅक सुकल्यावर बटन आणि वेबर पुढे गेले, चौथा आला. सुकल्यावर गेले हे लक्षात घे, @खडूस तूपण घे 😉