'आलिया ला-रेगेल'ला वारी म्हणावं का?

मोगरी: यहूदा हालेवीवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. बाराव्या शतकातला स्पेनचा हिब्रू कवी, 'माझं काळीज पूर्वेला, मी पश्चिमेच्या टोकाला' म्हणणारा. ११४० मध्ये घरदार सोडून जेरुसलेमसाठी निघाला. हिब्रूत तिथल्या यात्रेला 'आलिया ला-रेगेल' म्हणतात, म्हणजे पायी वर चढून जाणं. मी 'वारी' लिहिलं, संपादकांनी खोडून 'तीर्थयात्रा' केलं.

भीमाकाठ: संपादकांचं बरोबर आहे. वारी एकदा करून होत नाही. आमच्या आजोबांनी आषाढी-कार्तिकी कधी चुकवली नाही. हालेवी एकदाच निघाला. मे ११४१ मध्ये अलेक्झांड्रियाहून त्याचं जहाज सुटलं आणि त्याच उन्हाळ्यात तो वारला.

पाटीपेन्सिल: पण 'रेगेल'चा अर्थ बघा! बायबलमधल्या निर्गम ग्रंथाच्या २३व्या अध्यायात 'शालोश रेगालीम' म्हणजे वर्षातून तीन वेळा. वल्हांडण, सप्ताहांचा सण, मंडपांचा सण. पाय आणि खेप एकाच शब्दात. 'वारी'तला 'वार'ही खेपच, 'वारंवार'मधला. इतका जुळणारा शब्द का सोडायचा?

भीमाकाठ: सणांच्या यात्रेला जुळतो, हालेवीला नाही.

रेवदंडा: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरी मराठीच. आत्या इस्राएलला कायमची गेली तेव्हा सगळे 'तिने आलिया केली' म्हणाले. यात्रा कोणी म्हटलं नाही, यात्रेकरू घरी परततो. 'आलिया'च ठेवा.

शुद्धमती: मग मराठीत काय उरलं? तीर्थ म्हणजे पाण्याचा उतार, पार व्हायची जागा. हालेवीने तर समुद्रावर, वादळावर कविता केल्या. तीर्थयात्राच हवं.

रेवदंडा: आमच्या घरी सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनागृहाला, 'मशीद' म्हणत. तीही मराठीच होती, ताई.

मोगरी: माझी खरी अडचण त्याच्या 'माझं काळीज पूर्वेला' कवितेच्या पुढच्या ओळीत आहे. स्पेनचं सगळं वैभव सोडणं त्याला हलकं वाटतं आणि जेरुसलेममधल्या उद्ध्वस्त ज्यू मंदिराची धूळ बघणं मोलाचं. हिब्रूत 'येकल' आणि 'येकर', एका अक्षराचा फरक. मंदिर इसवी सन ७० मध्येच पाडलेलं, शहर १०९९ पासून क्रूसेडरांकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडे. म्हणजे भेटायला उरली होती ती धूळच.

शुद्धमती: 'रज' लिहा. चरणरज म्हणतोच आपण.

पाटीपेन्सिल: रज फार सोवळं होतं. मूळ शब्द 'अफार', आदामाला घडवलं तोच. तिथे मराठी बायबलात माती आहे.

भीमाकाठ: माती शेताची. पडक्या देवळाची धूळच.

रेवदंडा: आजोबांच्या कबरीत जेरुसलेमहून आणलेली चिमूटभर घातली होती. आजी तिला 'तिकडची माती' म्हणायची.