मदत हवी आहे: इंजिनच्या हेडमध्ये तुटलेला स्टड (आट्यांचा दांडा) कसा काढू?

मंडळी, मी गोव्यातल्या हरमलचा. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खारा वारा लोखंडाला सोडत नाही. बाबांची वीस वर्षांची गाडी घरीच दुरुस्त करतोय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बदलायला घेतलं आणि शेवटचा स्टड नटासकट तुटला. ८ मिमीचा आहे, हेड ॲल्युमिनियमचं. तुकडा हेडच्या पातळीच्या जरा आतच राहिलाय, त्यामुळे पकडीत येत नाही.

दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, हलक्या हाताने ठोकूनही पाहिलं. ढिम्म. ईझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) आणून ठेवलंय, पण वापरायची हिंमत होत नाही. ते आत मोडलं तर कडक पोलाद, साध्या ड्रिलने कापलं जात नाही.

तुकड्यावर वॉशर ठेवून त्यावर नट वेल्ड करायचा, त्या उष्णतेने गंज सुटतो, हे ठाऊक आहे. पण स्टड आत असताना वेल्ड हेडला लागणार नाही ना? की सेंटर पंच मारून उलट्या दिशेने फिरून कापणाऱ्या ड्रिलने सुरुवात करू? आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायची तयारी आहे, फक्त भोक तिरकं जायला नको.

हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा. म्हापसा किंवा पेडण्याकडे हेड न उतरवता, घरी येऊन हे काम करणारा वेल्डर असेल तर तेही कळवा. चवथीला बाबांना याच गाडीतून गावच्या घरी न्यायचंय.