बॅटरीवर चालणारा बाहेरचा वायफाय कॅमेरा: ठेवावा की परत करावा?

धायरीकर

नमस्कार. पुण्यात धायरीला आमचे जुने बैठे घर आहे. तेथे आई एकटी राहते आणि मी नोकरीमुळे वाकडला असतो. दोन महिन्यांपूर्वी गल्लीतल्या एका घरातून पाण्याची मोटार चोरीला गेली आणि तेव्हापासून रात्री फाटक वाजले की आईची झोप उडते. म्हणून मी गेल्या आठवड्यात तीन हजारांच्या आतला, बॅटरीवर चालणारा आणि सोबत लहानसे सोलर पॅनेल असलेला वायफाय कॅमेरा ऑनलाइन मागवला. कंपाउंडच्या भिंतीला नुकतेच प्लास्टर केले आहे, ते फोडून वायर नेणे नको वाटले, एवढेच बिनतारी कॅमेरा घेण्याचे कारण. खोक्यावर तीन मेगापिक्सेल, ११० अंशांची लेन्स, आयपी६५ आणि ‘एकदा चार्ज केल्यावर सहा महिने’ असे छापले आहे.

पोर्चच्या खांबावर, फाटकाकडे सरळ तोंड करून तो बसवला आहे. अंतर साधारण सहा मीटर. दिवसा मोबाइलवर उघडून पाहिले तर चित्र स्वच्छ दिसते. मात्र पेपर टाकणारा मुलगा रोज सकाळी सहाच्या सुमारास येतो, आणि पाचही दिवसांच्या नोंदींत मला त्याची पाठ, सायकलचे मागचे चाक आणि ओट्यावर पडलेला पेपर एवढेच दिसले. चेहरा एकदाही आला नाही. काल दुपारी दोन वाजता आई स्वतः फाटकापर्यंत जाऊन आली, तर त्याची नोंदच झाली नाही. परत करण्याची मुदत संपायला चार दिवस उरले आहेत. तेवढ्यात हा कॅमेरा नीट पारखायचा असेल, तर काय काय तपासावे?

सहकारनगरचा तंत्रज्ञ

मी गेली काही वर्षे घरगुती कॅमेरे बसवण्याचेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपल्या कॅमेऱ्यात बिघाड असेलच असे नाही. बॅटरीवरचा कॅमेरा सतत चित्रण करत नाही. तो झोपलेला असतो. पुढच्या बाजूला जो पांढरा, दुधी रंगाचा फुगवटा दिसतो, त्यामागे उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर असतो. माणूस हलला की हा सेन्सर कॅमेऱ्याला जागे करतो आणि मग चित्रण सुरू होते. यात स्वस्त कॅमेऱ्याचे एक-दोन सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ जातो. पेपर टाकायला येणाऱ्या मुलाचे सगळे काम तेवढ्यात उरकते.

आता बसवण्यातली चूक सांगतो, कारण ती फार जणांकडून होते. पीआयआर सेन्सर त्याच्यासमोरून आडव्या जाणाऱ्या माणसाला पटकन ओळखतो, पण सरळ त्याच्या दिशेने चालत येणाऱ्याला उशिरा ओळखतो. आपण तो फाटकाकडे सरळ तोंड करून लावला आहे, म्हणजे येणारा प्रत्येक जण त्याच्या दिशेनेच चालत येतो. तो बाजूच्या भिंतीवर, फाटकापासून ओट्यापर्यंतची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल असा, साधारण सात-आठ फुटांवर लावून पाहा. त्याहून उंच लावल्यास चेहऱ्याऐवजी टोपी आणि डोके दिसते.

दुपारी नोंद न होण्याचे कारण वेगळे आहे. हा सेन्सर माणसाचे अंग आणि मागचा परिसर यांच्या तापमानातला फरक पाहतो. सध्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो, फरशी आणि भिंतही जवळपास अंगाइतकीच तापलेली, त्यामुळे तो फरक जवळजवळ उरतच नाही. संवेदनशीलता सर्वांत जास्त ठेवली तर थोडा उपयोग होईल, पण मग रस्त्यावरची कुत्री आणि गाड्याही नोंदवल्या जातील, आणि खोक्यावरचे सहा महिने दीड महिन्यावर यायला वेळ लागणार नाही. ते सहा महिने दिवसाला मोजक्याच नोंदी होतील असे धरून लिहिलेले असतात.

तपासणी अशी करा. जागा बदलल्यावर घरातल्या कोणाला तरी फाटकातून दहा वेळा आत यायला सांगा: काही वेळा चालत, काही वेळा झपझप, काही वेळा भिंतीला चिकटून, निम्म्या वेळा दिवसा आणि निम्म्या वेळा रात्री पोर्चचा दिवा बंद करून. मग प्रत्येक नोंदीत चेहरा कितीदा ओळखू येतो ते मोजा. लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये किती वेळ जातो, तेही पाहा; काही कॅमेरे एक नोंद संपल्यावर अर्धा ते एक मिनिट दुसरी घेतच नाहीत, आणि दोघे जण मागोमाग आत आले तर दुसरा सुटतो. ॲपमध्ये हा वेळ कमी करण्याची सोय आहे का, ते बघून घ्या.

आकडेमोड करणारा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त मेगापिक्सेलविषयी थोडी भर घालतो. तीन मेगापिक्सेलचे चित्र बहुधा २३०४ ठिपके (पिक्सेल) रुंद असते. ११० अंशांची लेन्स सहा मीटरवर सुमारे १७ मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, म्हणजे प्रत्येक मीटरच्या वाट्याला १३५ च्या आसपास ठिपके येतात. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या मानकात ओळखीचा माणूस ओळखू येण्यासाठी मीटरला १२५ आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवण्यासाठी २५० ठिपके धरले आहेत. म्हणजे सहा मीटरवर आपल्याला शेजारी ओळखू येईल, चोर नाही. त्यासाठी तो तीन-सव्वातीन मीटरवर यावा लागेल. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तरी हा आकडा दीडशेच्या पुढे जात नाही. पण तेच तीन मेगापिक्सेल ८० अंशांच्या लेन्समागे असतील, तर सहा मीटरवर मीटरला जवळपास २३० ठिपके मिळतात. लोक रुंद लेन्सला भुलतात. ज्याला फक्त एक फाटक पाहायचे आहे, त्याला अर्धी गल्ली दाखवणारी लेन्स उपयोगाची नाही.

रात्री एवढेही हाती लागत नाही, कारण अंधारात शटर जास्त वेळ उघडे राहते आणि चालणारा माणूस धूसर होतो. म्हणून रात्रीचे चित्र स्थिर अंगणाचे न पाहता चालत्या माणसाचे पाहावे.

कर्वेनगरहून

माझ्याकडे असाच सोलरवाला कॅमेरा दोन पावसाळे आहे. आयपी६५ मध्ये धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा चालतो. पुण्याच्या पावसाला, छज्ज्याखाली बसवला तर, ते पुरते. माझ्याकडे पाणी शिरले ते कॅमेऱ्यात नाही, तर पॅनेलच्या वायरीवरून ओघळत चार्जिंगच्या पिनेत. त्या वायरीला पिनेच्या खाली झोल सोडा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकून जाईल. रबरी बूच नीट बसते का, हेही आत्ताच पाहून घ्या.

पॅनेलवर फार विसंबू नये, असे मी कळकळीने सांगेन. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर छज्ज्यालगत लावलेल्या पॅनेलवर त्या वेळी सावली येते, त्यानंतर ढग. माझा कॅमेरा श्रावणात दोनदा उतरवून घरात चार्ज करावा लागला. आपल्या आईंना स्टुलावर चढून हे करता येणार आहे का, याचा विचार आधी करावा.

रात्री दिसावे म्हणून कॅमेरा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश टाकतो. त्याच्याभोवती किडे येतात आणि किड्यांमागून कोळी. लेन्ससमोर जाळ्याचा एक धागा आला तरी तो प्रकाश उलटून पडदा पांढरा होतो. आठवड्यातून एकदा मऊ कुंचा फिरवावा.

आणखी एक गोष्ट. वीज गेली की राउटर बंद पडतो. राउटर मुद्दाम बंद करून फाटकातून आत या, आणि नंतर कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर नोंद झाली आहे का ते पाहा. काही कॅमेरे इंटरनेटशिवाय काहीच साठवत नाहीत, काहींचे जुने चित्रण पाहायला मासिक वर्गणी लागते. लेन्समध्ये समोरच्यांची खिडकी येत असेल, तर ॲपमधून तेवढा भाग झाकून टाका आणि त्यांना तसे सांगूनही या.

सहकारनगरचा तंत्रज्ञ

कर्वेनगरच्या ताईंनी राउटरचा मुद्दा चांगला काढला. फाटक पत्र्याचे असेल, तर ते बंद ठेवूनही सिग्नल तपासा. हे कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ॲपमध्ये सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली (म्हणजे उणे ७५, उणे ८० असा) दिसत असेल, तर चित्र अडखळणार. आणि खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणीही बंधनकारक झाली आहे. हा क्रमांक नसेल, तर पुढचे काही न तपासता परत करा.

धायरीकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत सांगितले तसे सगळे केले. नोंदणी क्रमांक खरा निघाला. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर, वाटेपासून तीन मीटरवर आणला, आणि पहिल्याच सकाळी पेपरवाल्या मुलाचा चेहरा आला, अगदी कपाळावरचे गंध दिसेपर्यंत. दिवसाच्या पाच फेऱ्यांपैकी चारांत मी ओळखू आलो. रात्रीच्या पाचांपैकी मात्र एकीत, आणि भिंतीला चिकटून आलो तेव्हा नोंदच नाही. राउटर बंद केल्यावरही काही साठवले गेले नाही.

मला रात्रीसाठीच कॅमेरा हवा होता, म्हणून तो आज परत पाठवला. पोर्चच्या दिव्याचा पॉइंट वाटेपासून अडीच मीटरवर आहे, हे इतके दिवस डोळ्यांसमोर असून लक्षात आले नव्हते. तेथून पट्टीतून वायर काढली तर प्लास्टरला हातही लागत नाही. आता वायफायवरच चालणारा, पण विजेवर सतत जागा राहून कार्डावर चित्रण करणारा कॅमेरा तुळशीबागेतून परतताना तपकीर गल्लीत पाहणार आहे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने दिवसाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर दहा-अकरा दिवस राहतील. राउटरसाठी लहान बॅटरी बॅकअपही घेतो. मृग लागायच्या आत बसवून याच दहा फेऱ्या पुन्हा मारीन आणि निकाल येथे लिहीन.