हँगमन्स वूडची डेनहोल्स: कोठारं की खडूच्या खाणी? (उभाछेद, चुनकळी आणि नांगरट या टोपणनावांची चर्चा)

उभाछेद: इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या ग्रेज गावाजवळ हँगमन्स वूड नावाचं रान आहे. तिथं पन्नासच्या वर डेनहोल्स, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या जुन्या पोकळ्या, आहेत. जेमतेम 1 मीटर रुंदीची विहीर वाळूतून 18-20 मीटर खाली खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, थरात उतरते आणि तळाशी पाकळ्यांसारख्या सहा खोल्या फुटतात. शेतात घालायला इथून खडू काढला, हे उत्तर मला पटत नाही. खडू तिथून मैलभरावर उघडाच मिळतो. शिवाय एवढ्या दाटीतही शेजारच्या खोल्या एकमेकींत फोडलेल्या नाहीत, म्हणजे ज्याचं त्याचं कोठार वेगळं. जमिनीखाली धान्य ठेवण्याची आणि लपण्याची चाल रोमन इतिहासकार टॅसिटसनेही नोंदवली आहे.

चुनकळी: टॅसिटस लिहितो जर्मनांबद्दल. ब्रिटनबद्दल लिहितो रोमन लेखक प्लिनी, आणि तो शेतात घालायच्या पांढऱ्या खडूबद्दलच: शंभर फूट खोल, तोंड अरुंद, आत ऐसपैस.

धान्याचं म्हणाल तर आपलं पेव आठवा. गळ्यापर्यंत भरायचं, तोंड लिंपून टाकायचं. इंग्लंडमधल्या बटसरच्या प्रायोगिक शेतावर पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी खडूतल्या खड्ड्यांत हेच करून पाहिलं. ओल्या भिंतीलगतचे दाणे अंकुरतात, प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मधलं धान्य टिकतं. हवा शिरली की बुरशी. सहा खोल्या छतापर्यंत ठासून भरणार कशा? वर हवा राहणार, भिंतींना ओल असणार, धान्य कुजणारच.

उभाछेद: पेवाचं ठीक. मैलभराचं उत्तर यात नाही. आणि विहिरीच्या भिंतीत पाय रोवायला खोबण्या कशाला? माल तर दोरानं वर येतो.

नांगरट: खोबण्या खणणाऱ्याला उतरायला. मैलभराचा हिशेब असा: विहीर पाडताना साधारण 15 घनमीटर माती निघते, तीही एकदाच. पुढे प्रत्येक टोपली थेट शेतात. उघड्या खाणीतला खडू मात्र दर खेपेला चिखलातून गाडीनं ओढायचा. शिवाय खोलचा खडू ओला असतो. हिवाळ्याच्या तोंडावर पसरला की आतलं पाणी गोठून ढेकळं आपोआप फुटतात आणि आम्लधर्मी जमिनीत मिसळतात.

मधल्या भिंती राखल्या त्या छतासाठी. त्या पोखरल्या तर वरची सगळी वाळू खाली येईल. आजही विहिरीच्या बुडाशी वाळूचा ढीग दिसतो, तो तोंड ढासळून झालेला.

उभाछेद: लपण्याची जागा म्हणून तरी नाकारू नका.

चुनकळी: तोंड एक, वाट एक. शत्रूनं पेटता पेंढा टाकला की खेळ संपला. लपायला असा सापळा कोण खणेल?