शालेय गणितासाठीचा निधी विद्यापीठांना द्यावा की थेट शाळांना?

अंशछेद (धागाकर्ता)
आधी जरा गृहपाठ. १ ३/४ ÷ १/२, म्हणजे पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर साडेतीन, ते मीच सांगून टाकतो. तुम्ही फक्त या भागाकाराला साजेसं एक शाब्दिक उदाहरण रचा.

गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी हेच शिक्षकांना विचारलं होतं. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले २३ शिक्षक, चीनमधले ७२. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर, त्यातल्या ६५ जणांनी योग्य उदाहरणही रचलं. अमेरिकेतल्यांत योग्य उदाहरण रचणारा एकच निघाला. पदव्या या लोकांकडे होत्या बरं का. 'भाजक उलटा करून गुणा' हेही बहुतेकांनी कधीतरी घोकलेलं असणार. ते का करायचं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्येच या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. विद्यापीठात पाऊल टाकलं की विद्यार्थ्याला शाळेचं गणित विसरायला लावतात, आणि तो शिक्षक होऊन शाळेत परतला की विद्यापीठाचं गणित आपोआप विसरतो. म्हणजे दोन्हीकडे दोर तुटलेला. तो जोडायचा तर गणित विभागातच शिक्षकांसाठी कायमचं केंद्र हवं, आणि त्याला दरवर्षी खात्रीचा निधी हवा. तीन वर्षांचा प्रकल्प आणि शेवटी एक जाडजूड अहवाल, असं नको.

कोड_कामगार
एवढं काय अवघड आहे? पावणेदोन लिटर पाणी दोन भांड्यांत निम्मं-निम्मं ओतलं. झालं उदाहरण. यासाठी केंद्र कशाला?

तिरकस
विषय महत्त्वाचा आहे, औषध चुकीचं आहे. त्याच अभ्यासातली एक गोष्ट धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळली. चीनमधले ते शिक्षक नववीनंतर दोन-तीन वर्षांचं अध्यापनशिक्षण घेतलेले होते. विद्यापीठाची पायरीही न चढलेले! मग ते शिकले कुठे? शाळेतच. पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचून, सहकाऱ्यांशी वाद घालून, वर्षानुवर्षं तेच धडे घासूनपुसून. त्यासाठी लागतात मोकळ्या तासिका. तेव्हा पैसा शाळेला द्या.

दुसरं म्हणजे, प्रशिक्षणाचा उपयोग होतो हे गृहीत कशावरून? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सातवीच्या गणितशिक्षकांवर मोठा प्रयोग केला. प्रशिक्षण कुठल्या शाळांना मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. विषय अपूर्णांक, गुणोत्तर, टक्केवारी वगैरे. २०१० आणि २०११ मध्ये अहवाल आले. मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक पहिल्या वर्षानंतर नाही, दुसऱ्यानंतरही नाही.

अंशछेद
चीनचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण त्या प्रयोगातलं प्रशिक्षण विद्यापीठांच्या गणित विभागांनी नव्हे, बाहेरच्या दोन संस्थांनी दिलं होतं, हेही सांगा की. उलट २००५ मध्ये हिल, रोवन आणि बॉल या अमेरिकी संशोधकांनी ११५ प्राथमिक शाळांत पाहिलं, की शिकवण्यासाठी लागणारं गणित ज्या शिक्षकांना चांगलं येतं त्यांची पहिली आणि तिसरीची मुलं वर्षभरात जास्त पुढे जातात.

तिरकस
ज्ञान असलं की फायदा होतो, हे कोण नाकारतंय? प्रशिक्षणाने ते ज्ञान येतं का, हा प्रश्न आहे. उंच माणसं बास्केटबॉल चांगलं खेळतात म्हणून उंची वाढवायचे वर्ग काढणार का?

खडूची_धूळ
उंचीचं उदाहरण झकास, पण लागू नाही. मी पाचवीला शिकवते. मला हे गणित नोकरी लागल्यावर समजलं, म्हणजे 'उंची' वाढते.

पाच दिवसांच्या प्रशिक्षणांना मीही विटले आहे. एकदा एका तज्ज्ञांनी दशांश अपूर्णांकांवर तासभर सरकपट्ट्या दाखवल्या. मी विचारलं, ०.१२५ हे ०.३ पेक्षा मोठं असं माझी निम्मी मुलं म्हणतात, त्यांचं काय करू? उत्तर मिळालं, 'जास्त सराव घ्या.' अहो, सरावाने तर ती चूक पक्की होते! १२५ हे ३ पेक्षा मोठं, हा पूर्णांकांचा नियम ती मुलं इमानदारीने पुढे चालवतात. पट्टीवर दोन्ही संख्या दाखवायला लावल्या की गाडी रुळावर येते. हे मला शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी सांगितलं.

आणि @कोड_कामगार, तुमचं उदाहरण भागिले दोनचं आहे, भागिले अर्ध्याचं नाही. पाणी साडेतीन लिटर कसं होईल? वाईट वाटून घेऊ नका, त्या अभ्यासातले बरेच शिक्षक इथेच घसरले होते.

कोड_कामगार
अरेच्चा. खरंच की. थांबा.

पूर्णविराम
मी गणित विभागात शिकवतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. शाळांबरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्याची बढती अडते. शोधनिबंध मोजतात, एका शिक्षिकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून घालवलेली चाळीस दुपारं शून्य धरतात. निधी आला तरी हा हिशेब बदलला नाही, तर ते काम कंत्राटी, तरुण आणि थकलेल्या माणसांच्या गळ्यात पडतं. निधी संपला की ती माणसं जातात, त्यांच्याबरोबर अनुभवही जातो.

फ्रान्समध्ये १९६९ पासून विद्यापीठांत गणित-अध्यापन संशोधनाच्या संस्था निघाल्या. पॅरिस, लियाँ, स्ट्रासबूर या पहिल्या तीन. तिथे शाळेतला शिक्षक श्रोता नसतो, गटाचा सभासद असतो. त्यासाठी त्याच्या शाळेतल्या तासिका कमी केल्या जात. म्हणजे तिरकस म्हणतात त्या मोकळ्या तासिका आणि अंशछेद म्हणतात ते केंद्र, दोन्ही एकाच छपराखाली. पुढे ही सवलत आखडत गेली. कात्री सगळ्यात आधी तासिकांवरच चालते, हे अनुभवाने सांगतो.

तिरकस
मग माझी अट एवढीच: निधीचा मोठा वाटा बदली शिक्षकांच्या पगारासाठी बांधलेला असावा आणि तो विद्यापीठाच्या हाती न देता शाळेच्या खात्यात जावा. उरलेल्यावर केंद्र चालवा. इमारत, उद्घाटन, परिषदा यांवर एक छदामही नको.

अंशछेद
पहिलं वाक्य मान्य. छदामाबद्दल भांडू. केंद्राला निदान एक खोली आणि एक फळा तरी लागेलच.

कोड_कामगार
आलो. पावणेदोन मीटर दोरी. अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील? तीन तुकडे, आणि पाव मीटर उरते. पण मग उत्तर सव्वातीन नाही का यायला हवं? साडेतीन कुठून आलं?

खडूची_धूळ
आता खरा प्रश्न विचारलात! माझ्या वर्गात यावर अख्खी तासिका जाते. उरलेली दोरी पाव मीटर आहे खरी, पण आपण मीटर मोजत नाही, तुकडे मोजतोय. तुमचा एक तुकडा केवढा? आता सांगा, पाव मीटर म्हणजे किती तुकडे?

कोड_कामगार
अर्धा.