शब्दचर्चा: ‘कोपिंग’ला मराठीत काय म्हणावं? (बोलणाऱ्यांची ओळख ते राहतात त्या भागाच्या नावाने दिली आहे.)

बेलापूर: स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकांसाठीची प्रश्नावली मराठीत आणायची आहे. ठाणे, नवी मुंबईतल्या बायका ती भरतील. ‘कोपिंग’ला (ताण आला की माणूस जे काही करतो ते) ‘सामना करणे’ आणि ‘इंटिमसी’ला (नवरा-बायकोतली जवळीक) ‘वैवाहिक संबंध’ लिहिलंय. चालेल का?

ठाणे पूर्व: ‘सामना’ नको. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९८४च्या मांडणीत अडचण सोडवणं आणि मन सांभाळणं हे दोन्ही कोपिंगच. केमोच्या तारखा बघून रजा टाकणं हे पहिल्यात, बहिणीजवळ रडून मोकळं होणं दुसऱ्यात. ‘सामना करता का?’ विचारलं की रडणारी बाई ‘नाही’वर खूण करणार. ‘निभावून नेणं’ कसं वाटतं?

ऐरोली: त्यात पार पडल्याचा अर्थ आधीच आला. खचून जाणं हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे. एकच शब्द कशाला? ‘हाय खाल्ली’, ‘नशिबात होतं म्हणून सोडून दिलं’, ‘जिद्द धरली’, ‘विषयच काढायचा नाही असं ठरवलं’ अशी वेगवेगळी विधानं करा. ‘हाय खाणं’ समजावून सांगावं लागत नाही.

नेरूळ: ‘संबंध’ म्हटलं की शरीरसंबंधच ऐकू येतो आणि रकाना कोरा राहतो. चार प्रश्न करा: मनातलं बोलणं, शेजारी झोपणं, जवळ घेणं, शरीरसंबंध. ऑपरेशननंतर नवरा टाक्यांना धक्का लागेल म्हणून लांब झोपतो, बायकोला वाटतं आपली किळस आली. दोघंही गप्प. एकाच प्रश्नात हे सापडणार नाही.

शरीरसंबंध नसतील तर कारणही वेगळं काढा. ‘इच्छा होत नाही’ आणि ‘दुखतं, आग होते’ यांचे उपाय एक नाहीत. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या स्तनाच्या कर्करोगावरच्या हार्मोन-उपचाराच्या गोळ्यांनी (लेट्रोझोलने जास्तच) योनीमार्ग कोरडा पडत असेल तर हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून २-३ वेळा, शिवाय संबंधाच्या वेळी पाण्यात मिसळणारं वंगण. खोबरेल तेलाने कंडोम फाटतो. इस्ट्रोजेनचं क्रीम कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

ठाणे पूर्व: ‘पाळी गेली’ आणि ‘पाळी थांबली’ यांचीही गल्लत नको. केमोने थांबलेली पाळी परत येऊ शकते, दिवस राहू शकतात, आणि टॅमॉक्सिफेन गर्भाला घातक. कंडोम किंवा तांबी चालते, हार्मोनच्या गोळ्या नाहीत.

ऐरोली: रेडिएशनला लोक ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, तेच ठेवा. फक्त शेकाची ‘उष्णता’ अंगात राहते, नवऱ्याला-मुलांना बाधते, ही समजूत त्या शब्दाला चिकटलेली आहे. बाहेरून मशीनने दिलेल्या शेकाने अंगात किरण उरत नाहीत. हे त्याच पानावर छापा, शेवटच्या सूचनांत कोणी वाचत नाही.

बेलापूर: आणि ‘वेल-बीइंग’ला, म्हणजे एकूण बरं वाटण्याला? ‘स्वास्थ्य’?

नेरूळ: ‘बरं वाटतं का?’ला उत्तर ‘ताप नाही’ असं येतं. ‘गेल्या ७ दिवसांत मन कशात रमलं का? झोप लागली का?’ एवढं विचारा.